वर्गणी एओ युनिटवर घालायची की वेगवान कॅमेऱ्यावर?

गंगापूररोडकर: गटाच्या आठ इंची दुर्बिणीसाठी वर्गणीतून एकच वस्तू येणार. काहींना एओ (अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स) युनिट हवंय, म्हणजे हवेने थरथरणारी प्रतिमा तिथल्या तिथे सावरणारं उपकरण. मला वेगवान प्लॅनेटरी कॅमेरा, म्हणजे ग्रहांच्या झपाझप फ्रेम काढून त्यातल्या स्वच्छ तेवढ्या जुळवायच्या. एओ हा राक्षसी दुर्बिणींचा खेळ, नाशिकच्या हौशी माणसाला ती चैन आहे. खरं अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स पाहायचं तर चिलीतल्या व्हीएलटीच्या (व्हेरी लार्ज टेलिस्कोप) चौथ्या दुर्बिणीवर. दुय्यम आरशामागे तो ढकलणारे ११७० अ‍ॅक्च्युएटर, सेकंदाला हजार वेळा आकार बदलायची सोय, शिवाय चार लेझर ९० किलोमीटरवरच्या सोडियमच्या थरात हवेची थरथर मोजायला कृत्रिम तारे उमटवतात. आपल्या बजेटमध्ये मिळते ती नुसती डोलणारी काच.

सातपूरचा फिटर: डोलणाऱ्या काचेला हिणवू नका, साहेब. हवेमुळे प्रकाशाचा तरंग जेवढा बिघडतो, त्यातला ८५ टक्क्यांहून जास्त भाग निव्वळ झुकण्याचा असतो. म्हणजे प्रतिमा इकडेतिकडे सरकते. आठ इंचाला तेवढं सावरलं तरी पुष्कळ झालं. तुमचा कॅमेरा गुरू-शनीला झकास. अंधुक दीर्घिकेचं काय? पाच मिनिटांच्या एक्स्पोजरचे सेकंदाला शंभर तुकडे केलेत, तर हाती नुसता नॉइज येईल.

गंगापूररोडकर: पण त्या युनिटला थरथर मोजायला शेजारी मार्गदर्शक तारा लागतो ना? तो अंधुक निघाला की एकेका मापाला सेकंदभर जातो, आणि हवा तर काही मिलिसेकंदांत बदलते. मग हवेची थरथर तशीच राहते, सुधारतात फक्त दुर्बीण फिरवणाऱ्या माउंटच्या गिअरच्या चुका. त्यासाठी एवढा खर्च? गुरूच्या फ्रेम जुळवताना सॉफ्टवेअर तेच झुकणं फुकटात काढून टाकतं.

नशिबाने स्वच्छ फ्रेम हाती लागण्याचं गणित शास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीड यांनी १९७८ मध्ये मांडलंय. हवा जेवढ्या रुंदीपर्यंत प्रकाश सरळ ठेवते, त्याच्या पाचपट आरसा असेल तर साधारण नऊ फ्रेमांत एक स्वच्छ मिळते. दहापट झाला की दहा लाखांत एक! म्हणून हवाईतल्या दहा मीटरच्या केक दुर्बिणीला एओवाचून गत्यंतर नाही. आपलं मात्र नशिबावर भागतं.

दुर्बीणवेडी: दादा, तुम्ही थेट आठ इंचांवरून केकवर उडी मारलीत. मधलं काही नाहीच का? पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने अमेरिकेतल्या कॅलटेकबरोबर रोबो-एओ ही स्वयंचलित यंत्रणा उभी केली ती तिथल्या पालोमार वेधशाळेच्या दीड मीटरच्या दुर्बिणीवर, लेझरसकट. तेव्हा ‘राक्षसी दुर्बिणींचा खेळ’ हे मला पटत नाही. आपल्याला परवडत नाही म्हणा, ते चालेल. आणि शाळेच्या मुलांना आकाश दाखवतो त्या रात्री दोन्ही वस्तू पेटीतच राहणार, कारण पोरांना डोळा लावूनच बघायचं असतं. त्यांच्यासाठी चांगली आयपीस (डोळा लावायचं भिंग) घ्या, असं कोणीच का म्हणत नाही?

सातपूरचा फिटर: ताई, आयपीस वेगळ्या पैशातून घेऊ, हवं तर मी देतो. माझा मुद्दा एवढाच की कॅमेरा घेतला की सगळे वर्षभर गुरूच काढत बसणार. गेल्या थंडीत दुसरं काय झालं?

गंगापूररोडकर: गुरू मिथुनेत होता, मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर. असा योग सोडायचा?

अंजनेरीवाला: तुम्ही हे सगळं सिमेंटच्या गच्चीवरून करणार आहात! स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत दुर्बिणीच्या तोंडापुढे गरम हवा सोडत राहतो. वर घरातून काढलेली दुर्बिणीची नळी तासभर निवू न देताच फोकस करायचा. आठ इंची दुर्बीण ०.७ आर्क-सेकंदापर्यंतचं (आर्क-सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) दाखवू शकते, पण तिला तसं वागू कोण देतंय? माझं मत कॅमेऱ्याला. पण सामान गाडीत घालून त्र्यंबक रस्त्याला मोकळ्या मातीवर नेणार असाल, तरच माझी वर्गणी धरा.