हसवणारे पुस्तक आणि बाळाची झोप

झोपेच्या वेळच्या पुस्तकात विनोद असला की मूल हसून अधिकच जागे होते, हे मत मला सरसकट पटत नाही, कारण तो विनोद शब्दांत आहे की चित्रांत, यावर बरेच अवलंबून असते. मिनफाँग हो यांचे ‘हश! अ थाई ललबाय’ (१९९६) हे पुस्तक या दृष्टीने आवर्जून पाहावे. त्यातील हॉली मीड यांच्या चित्रांना १९९७ मध्ये कॅल्डेकॉट सन्मान (मुलांच्या चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतील मान) मिळाला होता. त्यातली आई डासापासून हत्तीपर्यंत एकेका प्राण्याला गप्प राहण्याची विनवणी करत फिरते, आणि तिचे बोलणे अंगाईच्या संथ लयीत पुन्हा पुन्हा येत असताना झोळीतले बाळ मात्र तिच्या नकळत केव्हाच खाली उतरलेले असते. शेवटी सारे प्राणी झोपतात, दमलेली आईही झोपते, आणि बाळ टक्क जागे! वाचणाऱ्याचा आवाज कुठेही चढत नाही. गंमत सापडते ती फक्त चित्र निरखणाऱ्या मुलाला.

यातले प्राण्यांचे आवाजही थाई कानांनी ऐकलेले आहेत. तिथल्या मोठ्या पालीचे थाई नावच तिच्या ‘तुक-गा’ अशा ओरडण्यावरून पडले आहे. मुलीला मराठीत सांगताना मी तिथे ‘चुकचुक’ घालून पाहिले, पण आपल्याकडे पाल चुकचुकली की मनात शंका येते, आणि अंगाईची लयही मोडली. म्हणून आता आवाज मूळचेच ठेवते आणि बाकीचे मराठीत सांगते.