रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी किट कार : कोणत्या कंपनीची घ्यावी?

तेरा नंबरी पाना

नमस्कार. लोटस सेव्हन या जुन्या, हलक्या, उघड्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीची किट कार (म्हणजे सुटे भाग मागवून घरी जोडायची गाडी) स्वतः बांधावी असे बरेच दिवस मनात आहे. मी ब्रिटनमध्ये राहतो. जागा आणि वेळ यांची सोय आता झाली असून गाडी अडली आहे ती कंपनी निवडण्यापाशी. वापर साधारण असा असेल : कोरड्या हवेत सुटीच्या दिवशी गावाबाहेरच्या रस्त्यांवर फेरफटका आणि अधूनमधून ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवण्याचा दिवस. ट्रेलर ठेवायला जागा नाही, त्यामुळे ज्या गाडीने ट्रॅकवर पोहोचायचे तिच्यातच दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि तिनेच संध्याकाळी परत यायचे, हे गृहीत धरावे. सगळा खर्च मिळून २०,००० पौंडांच्या वर जाऊ नये अशी इच्छा आहे. माझी उंची सहा फूट एक इंच आहे.

यादीत सध्या कॅटरहॅम, वेस्टफिल्ड, एमके इंडी आणि जीबीएस झिरो ही नावे आहेत. छायाचित्रांत या चौघी सख्ख्या बहिणी वाटतात. त्यांच्यातला फरक केवळ नावाचा आणि किमतीचा आहे, की चालवतानाही तो जाणवतो? शिवाय मोटरसायकलचे इंजिन बसवण्याचा मोह होतो आहे. त्याबद्दलही अनुभवी मंडळींनी लिहावे.

रिव्हेट

कंपनीचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवून आधी प्रत्येक गाडीत बसून पाहा, कारण तुमच्या उंचीमुळे यादी आपोआप लहान होण्याची शक्यता आहे. कॅटरहॅमच्या मूळ अरुंद चासीत (गाडीच्या सांगाड्यात), जिला एस३ म्हणतात, पेडलांपाशी इतकी कमी जागा असते की रुंद तळव्याचा बूट घातला तर ब्रेक दाबताना त्याची कड ॲक्सिलरेटरला घासते. कॅटरहॅमचीच एसव्ही चासी अधिक लांब-रुंद असून उंच माणसांची सोय तिच्यात बरी होते, आणि वेस्टफिल्डची रुंद बॉडीही त्याच कारणासाठी लोक घेतात. बसताना ट्रॅकवर घालणार तेच बूट घाला, हेल्मेट डोक्यावर ठेवा आणि पट्टे आवळून मगच अंदाज घ्या. हेल्मेटचा माथा रोल बारच्या (गाडी उलटल्यास डोके वाचवणाऱ्या नळीच्या) वरच्या कडेपेक्षा निदान ५० मिलिमीटर खाली राहिला पाहिजे. तो वर डोकावत असेल तर सीट किंवा फ्लोअर खाली घ्यावा लागेल, आणि ती सोय त्या चासीत आहे का, हे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

दुसरा मुद्दा डोनर गाडीचा, म्हणजे जिचे भाग काढून किटमध्ये वापरायचे त्या जुन्या गाडीचा. जीबीएस झिरो आणि एमके या दोघांकडेही माझदा एमएक्स-५ वर बेतलेले किट मिळते, आणि तुमच्या अंदाजपत्रकात मला तोच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ गाड्यांचे दारांखालचे पत्रे (सिल) गंजून जातात, त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल उत्तम स्थितीत असलेली गाडीही रस्त्यावर ठेवणे परवडत नाही म्हणून स्वस्तात निघते. आपल्याला हवे असते नेमके तेवढेच. फोर्ड सिएराचे सुटे भाग घेऊन बांधण्याची जुनी पद्धत अजून चालते, पण चांगले भाग आता शोधावे लागतात.

किट मागवताना ‘संपूर्ण’ या शब्दावर विसंबून न राहता नटबोल्ट, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग हार्नेस, पेट्रोलची टाकी, आरसे आणि दिवे यांची यादी लेखी घ्यावी, कारण खर्च फुगतो तो चासीमुळे नव्हे, तर किरकोळ वाटणाऱ्या अशाच वस्तूंमुळे.

आता आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीला मान्यता देणारी सरकारी तपासणी. २००९ मध्ये ती आल्यापासून घरी बांधलेली गाडी या तपासणीतून पार पडल्याखेरीज रस्त्यावर आणता येत नाही. यांत्रिक भागांपेक्षा माणसे तिथे अडकतात ती धारदार कडांवर. १०० मिलिमीटर व्यासाचा गोल गाडीच्या बाहेरील ज्या ज्या भागाला टेकू शकतो, तिथल्या कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर असावी लागते. म्हणून मडगार्डच्या किनारीला रबराची पट्टी आणि सस्पेन्शनच्या दिसणाऱ्या प्रत्येक बोल्टवर प्लास्टिकची टोपी चढवण्यात अखेरचे कित्येक दिवस जातात. दुसरी अडचण स्टिअरिंगची : वळणात स्टिअरिंग सोडल्यावर चाके आपसूक सरळ होण्याकडे वळली पाहिजेत, आणि इतक्या हलक्या गाडीत कॅस्टर (पुढचे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे कललेला कोन) कमी असेल तर ती वळत नाहीत. चांगली कंपनी वरच्या विशबोनमध्ये (चाक धरून ठेवणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्यात) कॅस्टर बदलण्याची सोय देते. ‘तुमच्या किटमध्ये स्टिअरिंग सरळ होण्यासाठी काय तजवीज आहे?’ हा प्रश्न प्रत्येक कंपनीला विचारा; उत्तरावरून बरेच काही कळते.

डोनर गाडीची कागदपत्रे जपून ठेवा. इंजिन कोणत्या वर्षाचे आहे यावर उत्सर्जनाची मर्यादा ठरते, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी आपली असते. भागांचे वय ठरवता आले नाही तर नोंदणीत ‘क्यू’ अक्षराची पाटी मिळते, जी पुढे विकताना आड येते.

ओला ट्रॅक

वरील प्रतिसादातले बसून पाहण्याबद्दलचे आणि आयव्हीएबद्दलचे सर्व मान्य आहे. मात्र चालवताना फरक जाणवतो का, हा मूळ प्रश्न त्यात राहून गेला.

फरक जाणवतो, आणि तो मुख्यतः मागच्या चाकांपाशी. कॅटरहॅमच्या बहुतेक वेगवान गाड्यांना मागे डी डियन ॲक्सल असतो, ज्यात डिफरन्शियल चासीला टांगलेले असते आणि दोन्ही चाके एका नळीने जोडलेली राहतात. त्यामुळे गाडी कितीही कलली तरी चाकांचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेर कललेला कोन, फारसा बदलत नाही आणि ट्रॅकवर तिचे वागणे अंदाजात राहते. वेस्टफिल्ड, एमके आणि झिरो यांच्यात चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असते, आणि खाचखळग्यांच्या गावरस्त्यावर त्याचा फायदा दिसतो : एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला धक्का पोहोचत नाही. पण स्वतंत्र सस्पेन्शनची गुणवत्ता त्याच्या भूमितीवर अवलंबून असते. स्वस्त किटमध्ये दुसऱ्याच गाडीचे अपराइट (चाकाचा हब धरणारे भाग) घेऊन त्यांना जुळेल असा स्टिअरिंग रॅक बसवलेला असतो, आणि तो नेमक्या उंचीवर नसेल तर चाक वर-खाली होताना स्वतःच थोडे वळते. सपाट ट्रॅकवर हा दोष लपतो, उंचसखल रस्त्यावर मात्र गाडी सतत इकडेतिकडे हुंगत चालते आणि तासाभरात मनगटे दुखू लागतात. म्हणून ज्या कंपनीची गाडी घ्याल, तिची बांधून झालेली एखादी गाडी खराब रस्त्यावर चालवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

मोटरसायकलच्या इंजिनाबद्दल स्पष्टच लिहितो : तुमच्या वापराला ते योग्य नाही. सुझुकी हायाबुसाचे किंवा यामाहा आर१ चे इंजिन हलके असते, एकामागोमाग एक गिअर पडतात तेव्हा होणारा आनंद दुसऱ्या कशात नाही, आणि केवळ ट्रॅकसाठी ट्रेलरवरून नेण्याची गाडी असती तर मीही तेच सुचवले असते. परंतु त्याची ताकद इंजिनाच्या अगदी वरच्या फेऱ्यांवर (आरपीएमवर) मिळते, चढावर गाडी निघताना क्लचवर ताण येतो, गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स नसल्यामुळे तो वेगळा बसवावा लागतो, आणि मोटारमार्गावर दोन तास तो आवाज ऐकून ट्रॅकवर पोहोचेपर्यंत माणूस थकलेला असतो.

आवाजावरून आठवले, ब्रिटनमधील ट्रॅक डेला आवाजाची मर्यादा असते. उभ्या गाडीचे इंजिन कमाल ताकदीच्या फेऱ्यांच्या सुमारे तीन चतुर्थांशावर नेऊन, एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात ध्वनिमापक धरतात. मर्यादा ट्रॅकनुसार आणि दिवसानुसार बदलते. काही ठिकाणी ९८ डेसिबलचाही दिवस असतो. शिवाय धावत्या गाडीचा आवाज कडेच्या मापकावर वेगळा मोजला जातो, आणि सेव्हनच्या धाटणीच्या गाडीचा सायलेन्सर एका अंगाला असल्यामुळे ती बाजू मापकाकडे असली तर आकडा वाढतो. सकाळीच काळा झेंडा (गाडी ट्रॅकबाहेर काढण्याची खूण) पाहून परतणे टाळायचे असेल तर सायलेन्सर मोठा आणि पुन्हा भरता येण्याजोगा घ्यावा. किटसोबत येणारा छोटा, चकचकीत सायलेन्सर दिसायला छान असतो, इतकेच.

तेलाचेही सांगून ठेवतो. चिकट टायरवर लांब वळण घेताना संपमधले (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातले) तेल एका बाजूला सरकते आणि पंप हवा ओढू लागतो. पडदे बसवलेला संप हा ट्रॅकसाठी पहिला खर्च समजा. अश्वशक्ती वाढवण्याचे नंतर पाहता येईल. एमएक्स-५ चे १.८ लिटरचे इंजिन मूळ गाडीत सुमारे १३० अश्वशक्तीचे असते, आणि किट कारचे वजन मूळ गाडीपेक्षा कितीतरी कमी भरत असल्याने सुरुवातीची बरीच वर्षे तेवढी ताकद पुरते.

मागचा आरसा

मी थोडे विरुद्ध मत मांडतो. वर दोघांनीही कंपनीकडे केवळ धातू आणि भूमिती म्हणून पाहिले आहे; गाडी दहा वर्षे ठेवायची असेल तर कंपनीचे आयुष्यही पाहावे लागते. कॅटरहॅमने १९७३ मध्ये लोटसकडून सेव्हनचे हक्क घेतले आणि तेव्हापासून तीच गाडी सुधारत आणली आहे, त्यामुळे जुन्या गाडीचाही बहुतेक प्रत्येक भाग मिळतो आणि तिच्याविषयी लिहिलेले ज्ञान अमाप आहे. वेस्टफिल्ड १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस उभी राहिली, तिच्या गाड्या उत्तम आहेत, पण २०२२ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि पुढे नव्या मालकीखाली उभी राहिली. ऑर्डर देऊन पैसे भरलेल्यांची अशा वेळी काय अवस्था होते, याची कल्पना करून पाहावी. लहान कंपनीला सगळी रक्कम एकदम देऊ नये. चासी, सस्पेन्शन, बॉडी असे टप्प्याटप्प्याने घ्यावे आणि घेतलेला माल त्याच दिवशी घरी आणावा.

नवे कॅटरहॅम किट तुमच्या अंदाजपत्रकात बसणार नाही, हे खरे. पण त्या रकमेत वापरलेली, नोंदणी झालेली कॅटरहॅम शोधता येते, तिची किंमत पुढे फारशी घसरत नाही आणि आयव्हीएचा सगळा खटाटोप वाचतो. घेताना मागच्या सस्पेन्शनचे चासीला जोडलेले टेकू, ॲल्युमिनियमचे पत्रे स्टीलच्या नळ्यांना जिथे रिव्हेटने जोडलेले असतात तिथे रंगाखाली आलेले पांढरट फुगे आणि पुढच्या नळ्यांवरची वेल्डिंगची डागडुजी या तीन गोष्टी टॉर्च घेऊन बघाव्यात. इंजिन रोव्हर के-सिरीज असेल तर ते हलके आहे म्हणून आवडेल, पण त्यात हेड गॅस्केट बिघडते, म्हणून ते बदलल्याची पावती मागा.

तुम्हाला बांधण्यातच रस असेल तर हा सल्ला सोडून द्या. गाडी चालवण्याची हौस आणि गाडी बांधण्याची हौस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या प्रश्नात मला दुसरी अधिक दिसते.

तेरा नंबरी पाना

सर्वांचे आभार. बांधण्याचीच हौस अधिक आहे, हे निरीक्षण अचूक आहे, त्यामुळे वापरलेल्या कॅटरहॅमचा पर्याय तूर्त मागे ठेवतो. मोटरसायकलचे इंजिन यादीतून काढले. आता झिरो आणि एमके या दोन्हींत हेल्मेटसह बसून पाहणार आहे, आणि कॅस्टरचा प्रश्न दोघांनाही विचारणार आहे. एक शंका उरली : ट्रॅकवर जाऊन त्याच टायरवर परत यायचे, तर टायर कोणते घ्यावेत?

ओला ट्रॅक

चाके १५ इंची ठेवा, कारण १३ इंचीमध्ये रस्त्याला चालतील अशा चांगल्या टायरची निवड फार कमी उरली आहे. पहिल्या वर्षी अर्धवट स्लिक (ट्रॅकसाठीच्या, फारशी नक्षी नसलेल्या) टायरच्या मागे लागू नका. परतीच्या वाटेवर पाऊस लागला आणि टायर थंड असले तर एवढ्या हलक्या गाडीत ते तापतच नाहीत. रस्त्याचे चांगले, मऊ टायर घ्या आणि हवेचा दाब नेहमीच्या मोटारीपेक्षा बराच कमी ठेवून, म्हणजे १८ ते २० पीएसआयपासून सुरुवात करून, प्रत्येक फेरीनंतर गरम टायरचा दाब मोजा. गाडी तयार झाली की चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून कर्णांचे वजन (पुढचे एका बाजूचे चाक आणि मागचे दुसऱ्या बाजूचे, अशा दोन जोड्यांवरचे) जुळवून घ्या, पण तुम्ही सीटवर बसलेले असताना आणि टाकी अर्धी भरलेली असताना. सहाशे किलोच्या गाडीत चालकाच्या वजनाने काटा चांगलाच हलतो. विमा उतरवताना ट्रॅक डेचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते का, तेही त्याच वेळी विचारून ठेवा, कारण नेहमीच्या पॉलिसीत ते सहसा नसते.