जिन्याखालचे डबे आणि 'इन'चा घोळ

बी-203 : जिन्याखाली रंगाऱ्यांनी थिनरचे चार डबे ठेवलेत, अगदी मीटर बोर्डाला चिकटून. कुणी हलवेल का?

सेक्रेटरी : काळजी नसावी. मी स्वतः जाऊन पाहिलं. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'इन्फ्लेमेबल' लिहिलंय, म्हणजे पेट न घेणारं.

ए-402 : बरोबर. 'इन' लागला की अर्थ उलटा. करेक्ट-इनकरेक्ट, व्हिजिबल-इनव्हिजिबल.

सी-101 : आधी डबे हलवा, व्याकरण मागाहून. वॉचमनला आत्ता फोन करा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली जमिनीलगत साचते. बोर्डात एक ठिणगी उडाली तरी पुरे.

सेक्रेटरी : मॅडम, पण डब्यावर स्पष्ट लिहिलंय...

सी-101 : तेच तर सांगतेय. फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल, दोन्हींचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारं. हा 'इन' नकाराचा नाही. लॅटिनमध्ये 'इन्फ्लमारे' म्हणजे पेटवणं, त्यातला हा 'इन'. डॉक्टर 'इन्फ्लमेशन' म्हणतात तोही याच घरातला. सूज येऊन आग आग होते तेव्हा 'आग नाही' असं वाचता का तुम्ही?

बी-203 : बाप रे. मी गेली कित्येक वर्षं उलटंच समजत होते.

सी-101 : तू एकटी नाहीस. जुना शब्द इन्फ्लेमेबलच, फ्लेमेबल 1813 च्या सुमारास छापलेला सापडतो. पण लोक नेमके इथेच फसतात, म्हणून 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने फ्लेमेबल वापरा असा आग्रह धरला. न पेटणाऱ्याला नॉन-फ्लेमेबल. डब्यावर ज्वाळेचं चित्र असेल तर स्पेलिंगकडे बघूच नका.

सेक्रेटरी : चित्र आहे. मला ते कंपनीचं चिन्ह वाटलं. वॉचमन निघालाय.

सेक्रेटरी : विषय निघालाच आहे तर विचारतो. मागे माझ्या सत्काराच्या पत्रात माझ्या कामाला 'इनव्हॅल्युएबल' म्हटलं होतं. तेव्हापासून खुपतंय.

सी-101 : अहो, ते 'अमूल्य'! आपण अमूल्य म्हणतो तेव्हा मूल्य नाही असं थोडंच म्हणतो? किंमत करताच येणार नाही इतकं मोलाचं. इथला 'इन' मात्र खरोखर नकाराचा. कवडीमोल म्हणायचं असतं तर 'वर्थलेस' लिहिलं असतं.

सेक्रेटरी : बरं झालं विचारलं. पत्र कपाटातून बाहेर काढतो.

ए-402 : मग माझाही निकाल लावा. हिशेब तपासायच्या ठरावात मला 'डिसइंटरेस्टेड मेंबर' लिहिलंय. मी एकही मीटिंग चुकवत नाही!

सी-101 : काका, तुमचं कौतुकच केलंय. व्यवहारात स्वतःचा लाभ गुंतलेला नाही, म्हणून निःपक्षपाती. कंटाळलेला तो अनइंटरेस्टेड. तसं 17व्या शतकात 'डिसइंटरेस्टेड' हा शब्द 'रस नसलेला' याही अर्थाने येत असे, आणि आज पुष्कळ जण पुन्हा तसाच वापरतात. त्यांना मी चूक म्हणणार नाही. पण ठरावात फरक पाळलेला बरा, नाहीतर तुमच्यासारखे रुसतात.

ए-402 : रुसलो नव्हतो. नोंद करत होतो.

डी-604 : आजी, लिफ्टच्या नोटिशीत 'स्टेशनरी' ई घालून लिहिलंय. म्हणजे लिफ्ट वह्या-पेनं विकणार का?

सी-101 : हो, ए हवा. एका जागी थांबलेल्याला ए, कागद-पाकिटांना ई. एन्व्हलपचा ई लक्षात ठेव. पण दोन्ही सख्खी भावंडं बरं का. फेरीवाल्यासारखा न हिंडता एका जागी दुकान मांडणारा पुस्तकविक्रेता तो स्टेशनर.

बी-203 : डबे गेले! रंगाऱ्यांनी टेम्पोत घालून नेले. आभार.

सेक्रेटरी : छान. बाकी विषय बायमंथली मीटिंगमध्ये घेऊ.

डी-604 : म्हणजे महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा?

सी-101 : शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत. सेक्रेटरीसाहेब, तारीख टाका.