मदत हवी आहे: पावणेतीन वर्षांच्या भाचीसाठी ठोकळ्यांचा लहान, साधा संच (इंदूर)

नमस्कार. माझी भाची येत्या दसऱ्याच्या सुमारास तीन वर्षांची होईल. तिला देण्यासाठी जोडण्याच्या ठोकळ्यांचा, म्हणजे बाजारात ज्याला सरसकट ‘ब्लॉक्स’ म्हणतात त्याचा, मोजक्या तुकड्यांचा संच घ्यायचा आहे. आम्ही रामबागेत राहतो. खरेदी इथल्या राणीपुऱ्याच्या बाजारातून किंवा ऑनलाइन, कशीही करता येईल आणि दीड हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. ज्यांच्या घरी या वयाची मुले आहेत किंवा ज्यांनी बालवाडीत काम केले आहे, त्यांचा सल्ला मिळाल्यास फार बरे होईल.

सध्या ती स्वयंपाकघरातल्या वाट्या आणि रिकाम्या डब्या एकमेकांवर रचते. मोठी वाटी खाली आणि लहान वर हे तिला कळते. वरची ठेवताना दुसऱ्या हाताने खालचा डोलारा धरून ठेवते आणि सगळे कोसळले की न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. शेजारच्या मोठ्या मुलाचे बारीक ब्लॉक्स तिच्या हाती आले तेव्हा मात्र ते तिला दाबून बसवता येईनात आणि बसलेले सोडवता येईनात. थोड्या वेळाने तिने सगळा ढीग माझ्या पुढ्यात सरकवला आणि ‘आत्या, तू कर’ म्हणून नुसती बघत बसली. खेळणे तिचे आणि खेळणार मोठी माणसे, असे होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

काळजीची गोष्ट तिच्या धाकट्या भावाची आहे. तो रांगतो आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो. खोक्यावर ‘तीन वर्षांपुढील मुलांसाठी’ असे लिहिलेले असले तरी खेळ जमिनीवरच मांडला जाणार, आणि डोळ्यांत तेल घालून कोणी किती वेळ बसणार? तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतले तुकडे तपासण्यासाठी तिरक्या तळाचे एक प्रमाणित नळकांडे वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मि.मी., म्हणजे साधारण सव्वा इंच असतो आणि जो तुकडा त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकण्याजोगा मानतात. लेगोचा नेहमीचा, दोन रांगांत आठ बटणे असलेला ठोकळा ३२ बाय १६ मि.मी. असतो, तो त्यात सहज जातो. त्याच कंपनीच्या ड्यूप्लोचा तसाच ठोकळा लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी दुप्पट असतो, त्यामुळे तो त्यात मावत नाही. म्हणून बारीक लेगो मी आताच बाजूला ठेवले आहेत. चुंबकाच्या फरशांचे संचही नकोत, कारण फरशी फुटून गिळलेली दोन चुंबके आतड्याच्या पदरांतून एकमेकांना चिकटली तर तेथे भोक पडू शकते.

राणीपुऱ्यातल्या एका दुकानात दोनशे तुकड्यांची मोठी पिशवी स्वस्तात दाखवली, पण तिच्यावर आयएसआय चिन्ह नव्हते. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ते बंधनकारक आहे. दुकानदाराला विचारले तर ‘दीदी, सब ऐसा ही आता है’ एवढेच उत्तर मिळाले, म्हणून परत आले.

तेव्हा मोठ्या बटणांचे प्लास्टिकचे ठोकळे घ्यावेत की जोड नसलेले साधे लाकडी? सुरुवातीला किती तुकडे पुरेत? आणि मध्य प्रदेशातल्याच बुधनी गावच्या लाखकामाच्या लाकडी खेळण्यांत असे ठोकळे मिळतात का?

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षे बालवाडीत शिकवले आहे. वाट्या रचणाऱ्या मुलीला साधे लाकडी ठोकळे आधी द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे, कारण जोड नसलेला ठोकळा नीट ठेवला तरच उभा राहतो आणि चुकला की लगेच पडतो. तिची चूक तिला कोणी सांगावी लागत नाही. बालोद्यानाची कल्पना मांडणाऱ्या फ्रोबेल यांच्या तिसऱ्या ‘देणगी’त, म्हणजे त्यांनी मुलांसाठी आखलेल्या खेळण्यांच्या तिसऱ्या संचात, अवघे आठ एक इंची घन असत आणि तेवढ्यातून मुले खुर्ची, जिना, भिंत रचत. वीस-पंचवीस तुकडे भरपूर झाले. दोनशे दिलेत तर ती ते ओतत राहील, रचणार नाही.

आपल्याकडे रांगते बाळ आहे, म्हणून दीड-दोन इंचांचे ठोकळे घ्या. एक इंची घन कर्णामुळे त्या नळकांड्यात अडतो हे खरे, पण तेवढ्याच जाडीचा गोल तुकडा आत जातो. संचात बारीक दंडगोल असतील तर ते काढून ठेवा.

बुधनीचे काम चरकावर (लेथवर) होते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो. त्यामुळे तिथला माल बहुतांशी गोल असतो. भोवरे आणि रिंगा छान मिळतात, रचायला चौकोनी ठोकळे मात्र क्वचितच. नोंदणीकृत कारागिरांनी स्वतः विकलेल्या मालाला आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, तेव्हा चिन्ह नाही म्हणून तो माल वाईट असे समजू नका. ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून रंग उतरला तर घेऊ नका. न उतरल्याने रंग निर्धोकच आहे असे मात्र सिद्ध होत नाही.

प्लास्टिकचे घ्यायचे ठरले तर भाचीला सोबत न्या आणि दोन तुकडे तिलाच जोडायला आणि सोडवायला सांगा. आयएसआय चिन्हापाशी सीएम/एल अशी अक्षरे असलेला परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. आता दोन इंची लाकडी ठोकळे, साधारण पंचवीस, न रंगवलेले आणि कडा घासलेले, असेच शोधते. प्लास्टिकचे पुढच्या वर्षी पाहू. इंदुरात असे ठोकळे कोणाला तयार मिळाले असतील, किंवा कोणी सुताराकडून करून घेतले असतील, तर कोणते लाकूड वापरले आणि खर्च किती आला हे कृपया कळवावे.