वऱ्हाडी अल्बमच्या गाण्यावर मीडिया थेअरी कशी लावायची?

वेचणी_२३:
नमस्कार. मी एम.ए. मास कॉमला आहे, गाव दर्यापूर तालुक्यात. प्रकल्पासाठी आपल्याकडच्या पोरांनी केलेलं एक अल्बमचं गाणं घेतलं, सगळं कपाशीच्या वावरात शूट केलेलं, गाण्यात सारखं "पांढरं सोनं" येते. मी लॉरा मल्वीची मेल गेझ लावली, म्हणजे कॅमेरा बाईला पुरुषाच्या नजरेतून, पाहायची वस्तू म्हणून दाखवते ही थेअरी, अन् वीस पानं लिहिली, पण प्रत्येक शॉटखाली "इथे पुरुषी नजर दिसते" एवढंच येत गेलं, माझंच मला पटत नाही आता. गाणं मला मनापासून आवडते, वेचणीच्या बाया पण मोबाईलवर लावतात. थेअरी बदलू का?

मास्तर_कारंजा:
बेटा, थेअरी राहू दे, आधी गाणं नीट पाहा. मल्वीनं १९७५ साली लिहिलं ते हॉलिवूडच्या गोष्टीवाल्या सिनेमाबद्दल, तिथं नटी कॅमेऱ्याकडं सहसा पाहत नाही, आपण अंधारात बसून तिला पाहतो. म्युझिक व्हिडिओत गाणारा सरळ कॅमेऱ्यात पाहून ओठ हलवतो, कधी ती पण पाहते. म्हणून कोण कोणाकडं पाहतं ते शॉटवार लिहून काढ. एकदा आवाज बंद करून पाहा, एकदा डोळे मिटून फक्त ऐक. अन् अँड्र्यू गुडविन वाच, १९९२ चं पुस्तक आहे, खास म्युझिक व्हिडिओवर. चित्र शब्दांचंच सांगते, त्यात भर घालते, की भलतंच दाखवते, हे तो पाहायला लावतो. कंपनीला गायकाचे क्लोजअप पाहिजे असतात हेही त्यानंच मांडलं.

कॅमेरावाला_अचलपूर:
मी लग्नाच्या ऑर्डरी करतो अन् असे अल्बम बी. सरांचं ते क्लोजअपचं खरं हाय, फक्त इकडं कंपनी नाई, गाणारा पोरगाच पैसे लावते म्हून क्लोजअप त्याचा. अन् मोबाईलवर लांबचा माणूस मुंगीएवढा दिसते, हे बी कारण हाय. ड्रोन शॉटचा मात्र लय मोठा अर्थ काढू नका ताई, ड्रोन लग्नासाठी घेतलेला असते, सोबत आणलाच हाय तं उडवतो.

झाडीकर_गोंदिया:
दादा, तुम्ही ड्रोन काऊन उडवला हे पाहणाऱ्याले कुठं माहीत असते? स्टुअर्ट हॉलनं १९७३ मध्ये हेच सांगितलं, बनवणारा एक अर्थ भरते, पाहणारा आपला काढते, कोणी तो जसाच्या तसा घेते, कोणी अर्धा, कोणी पार उलटा. ताई, वेचणीच्या बायांनाच विचारा ना. प्रश्नावली नका नेऊ, सोबत बसून पाहा.

वेचणी_२३:
तीन दिवसांनी लिहितेय. काल दुपारी धुऱ्यावर बसून पाच जणींसोबत गाणं पाहिलं. काकूनं मधातच थांबवाले लावलं, म्हणे "हिची ओटी कुठं हाय? वेचलेला कापूस ठेवते कुठं हे?" ओटी म्हणजे वेचलेला कापूस ठेवाले कमरेला बांधतात ते फडकं. दुसरीनं हिरोईनची बोटं दाखवली. बोंडाची वाळलेली टोकं नखाजवळ टोचतात, आमच्या सगळ्यांच्या बोटांना चिरा, अन् हिचं नेलपॉलिश जसंच्या तसं. एवढं बोलून त्यांनीच गाणं परत लावाले सांगितलं, दोनदा, अन् त्याच चालीवर तासभर वेचत राहिल्या. चाल घेतली, चित्र नाही घेतलं. हॉलचं अर्धं घेणं म्हणजे काय ते मला तिथं समजलं. रोलाँ बार्थची मिथकाची कल्पना, म्हणजे माणसांनी घडवलेली गोष्ट आपोआप तशीच असल्यासारखी वाटणं, ती पण आता लागते आहे, पांढरं सोनं पडद्यावर असं चमकते की ते वेचलं कोणी हा प्रश्नच पडत नाही.

कॅमेरावाला_अचलपूर:
ताई, ओटीचं वाचलं अन् मनात घर करून बसलं. मागच्या हंगामात आमच्या एका शूटले पोरीनं खरी ओटी बांधली होती, तिची मायच वेचणीले जाते. डायरेक्टरनं सोडाले लावली, कंबर दिसत नाई म्हणे. मी कॅमेरा लावून उभा होतो, काही बोललो नाई.

वेचणी_२३:
दादा, हे नाव न टाकता प्रकल्पात घेऊ का? मी वीस पानांत मल्वी शोधत होते अन् ती त्या सोडलेल्या ओटीत होती.

कॅमेरावाला_अचलपूर:
घ्या. पहिले दोन टेक ओटी बांधलेलेच हायेत, हार्डडिस्कमध्ये पडून हाय अजून. त्या पोरीले विचारतो, ती हो म्हणली तं पाठवतो.