संसदेच्या आरोग्य समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसेल, तर त्याचे वजन कशात आहे?

माणदेशी_वाचक (मूळ प्रश्न)

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या जन आरोग्य समितीवर मी सदस्य आहे. तालुक्याच्या बैठकीत निधी आणि रिक्त पदे यांविषयी प्रश्न विचारला, की "हे धोरण वरून येते" असे उत्तर मिळते. म्हणून हे 'वर' नेमके कोण तपासते, ते पाहावे या हेतूने मी संसदेच्या आरोग्य व कुटुंबकल्याण स्थायी समितीचे काही अहवाल वाचायला घेतले. वाचताना असे जाणवले, की रिक्त पदे, अखर्चित निधी आणि वर्षअखेरीस एकदम होणारा खर्च यांवरची टीका अहवालामागून अहवालात जवळजवळ त्याच शब्दांत येते आणि मंत्रालयाचे उत्तरही तितकेच ठरावीक असते. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरीही एखाद्या अहवालामुळे सार्वजनिक आरोग्याच्या कारभारात प्रत्यक्ष बदल झाला, असे उदाहरण दाखवता येईल का? जाणकारांनी कृपया लिहावे.

निवृत्त_कक्षअधिकारी

आधी यंत्रणेविषयी थोडे लिहितो, कारण वृत्तपत्रांत ती फार ढोबळपणे मांडली जाते. विभागनिहाय स्थायी समित्या १९९३ साली सुरू झाल्या, त्या वेळी त्या १७ होत्या. २००४ पासून २४ आहेत. आरोग्य समिती राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत येते. तिच्यावर लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात आणि मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही. समितीसमोर साक्षीला येतात ते सचिव आणि त्यांचे अधिकारी. बैठका बंद दाराआड होतात, त्यामुळे पक्षाची भूमिका बाजूला ठेवून खासदार तेथे बरेच मोकळेपणाने प्रश्न विचारतात, असा माझा नोकरीतला अनुभव आहे.

आपण ज्याला ठरावीक उत्तर म्हणता, त्याच्यापुढेही एक पायरी असते. मंत्रालयाने साधारण तीन महिन्यांत कार्यवाहीचा तपशील द्यायचा असतो आणि त्यावर समिती दुसरा अहवाल काढते. या दुसऱ्या अहवालात प्रत्येक शिफारस चारपैकी एका गटात टाकली जाते: सरकारने स्वीकारलेली; सरकारचे उत्तर पाहून समितीने पाठपुरावा सोडलेली; उत्तर समितीला अमान्य असलेली; आणि अंतिम उत्तर यायचे राहिलेली. मूळ अहवाल सगळे वाचतात, हा दुसरा मात्र फारसा कोणी उघडत नाही. खरी माहिती तिसऱ्या गटात असते. "शिफारशीची नोंद घेण्यात आली आहे" हे वाक्य आम्ही किती टिपणांत घातले असेल, ते विचारू नका. परंतु त्याच उत्तरावर समितीने "अमान्य" असा शेरा मारला, की ती नस्ती (फाइल) पुन्हा सहसचिवांच्या टेबलावर येते आणि पुढच्या साक्षीच्या वेळी त्यांना तोंडी उत्तर द्यावे लागते.

औषधशास्त्राची_शिक्षिका

उदाहरण हवे असेल तर मे २०१२ मधला ५९ वा अहवाल वाचावा. तो नव्या औषधांना मंजुरी देणाऱ्या केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या कारभारावर आहे आणि दर वर्षी मी विद्यार्थ्यांना त्यातली काही पाने वाचायला लावते.

समितीने संघटनेकडे ४२ औषधांच्या नस्त्या मागितल्या. त्यांपैकी पेफ्लॉक्सासिन, लोमेफ्लॉक्सासिन आणि स्पारफ्लॉक्सासिन या तीन औषधांच्या नस्त्या सापडतच नाहीत, असे उत्तर मिळाले. उरलेल्या ३९ पैकी ११ औषधांच्या बाबतीत आवश्यक असलेल्या तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे मोठ्या संख्येने रुग्णांवर करायच्या, चाचण्या झालेल्या नव्हत्या. मला सर्वांत बोलका वाटतो तो तज्ज्ञांच्या पत्रांचा भाग. वेगवेगळ्या शहरांतल्या नामांकित संस्थांमधल्या डॉक्टरांनी औषधाची शिफारस करणारी जी पत्रे पाठवली होती, त्यांतला मजकूर काही प्रकरणांत शब्दन् शब्द सारखा होता. समितीने ती पत्रे शेजारी शेजारी ठेवली आणि पत्रांचा मसुदा औषध कंपन्यांनीच केला असावा, असा संशय लेखी नोंदवला. एवढ्या तपशिलात नस्ती वाचणे प्रश्नोत्तराच्या तासात शक्यच नसते.

पुढे काय झाले? याच अहवालात डीनक्झिट या संयुक्त औषधावर (एकाच गोळीत एकाहून अधिक औषधे असलेल्या) कडक टीका होती, कारण ज्या डेन्मार्कमधल्या कंपनीचे ते औषध, त्याच देशात त्याच्या विक्रीला परवानगी नव्हती. जून २०१३ मध्ये भारतात त्याची विक्री थांबवण्यात आली. केंद्राची मान्यता नसताना राज्यांचे परवाना अधिकारी संयुक्त औषधांना परवाने देतात, हा मुद्दाही समितीने लावून धरला होता. त्यानंतर तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि मार्च २०१६ मध्ये ३४४ संयुक्त औषधांवर बंदी आली. ती न्यायालयात अडकली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांतल्या ३२८ औषधांवर नव्याने घालावी लागली. या सगळ्याचे श्रेय एकट्या अहवालाला देणे बरोबर नाही, कारण आरोग्य क्षेत्रातले कार्यकर्ते त्याआधीपासून हेच सांगत होते. त्यांचे म्हणणे संसदेच्या शिक्क्यानिशी कागदावर आल्यावर मंत्रालयाला ते झटकता आले नाही, इतकेच मी म्हणेन.

रोखठोक

वरचे दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण चित्र जरा उजळ रंगवले जात आहे. विधेयके समित्यांकडे पाठवण्याचे प्रमाण १५ व्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के होते, ते १७ व्या लोकसभेत सुमारे १६ टक्क्यांवर आले. समितीची मुदत एक वर्षाची असते. सदस्याला विषय कळू लागतो, तोवर पुनर्रचना होते. शिवाय सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतला, विषय आहे. त्यामुळे माणदेशातल्या केंद्रात परिचारिका का नाही, असे ही समिती फार तर राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या पैशाच्या अनुषंगाने विचारू शकते. औषधांची उदाहरणे यशस्वी दिसतात, याचे कारण औषधे केंद्र आणि राज्य दोघांच्या समवर्ती सूचीत आहेत आणि तेथे केंद्राच्या हातात परवान्याची नाडी आहे.

न्यायालयीन_वाचक

रोखठोक यांचा राज्यसूचीचा मुद्दा रास्त आहे. मात्र अहवालाचा उपयोग केवळ मंत्रालयाच्या उत्तरावर अवलंबून नसतो, हे एचपीव्ही लसीच्या प्रकरणात दिसले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा एक प्रकल्प २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वयाच्या मुलींसाठी सुरू झाला. पाथ ही अमेरिकी संस्था तो राबवत होती आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद त्यात सहभागी होती. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्यांनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला. सरकारी चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही आणि लसीच्या उपयुक्ततेविषयी मला येथे काहीही शंका घ्यायची नाही. पुण्यात तयार झालेली त्याच आजारावरची लस आज आपल्याकडे उपलब्ध आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न संमतीचा होता. ऑगस्ट २०१३ च्या ७२ व्या अहवालात जी आकडेवारी आली, त्यानुसार आंध्रमधल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या आणि १,९४८ पत्रांवर अंगठे होते. म्हणजे आश्रमशाळेतल्या मुलीला काय टोचले जात आहे, हे तिच्या आईवडिलांना विचारलेच गेले नव्हते, असे कितीतरी बाबतींत घडले.

या प्रकल्पाविरुद्ध याचिका करणाऱ्यांनी हा अहवाल सर्वोच्च न्यायालयात ठेवला, तेव्हा संसदीय विशेषाधिकारामुळे न्यायालयाला तो पाहता येणार नाही, असा आक्षेप घेतला गेला. ९ मे २०१८ रोजी कल्पना मेहता खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो फेटाळला. स्थायी समितीच्या अहवालाची न्यायालय दखल घेऊ शकते, त्याचा आधार घेता येतो. मात्र अहवालाच्या वैधतेलाच तेथे आव्हान देता येत नाही, असा तो निर्णय आहे. त्याआधीही, मार्च २०१६ च्या ९२ व्या अहवालात वैद्यकीय शिक्षणाचे नियमन करणाऱ्या भारतीय वैद्यक परिषदेच्या कारभाराचे जे वाभाडे निघाले, त्यांचा आधार घेऊन न्यायालयाने मे २०१६ मध्ये परिषदेवर न्यायमूर्ती लोढा यांची देखरेख समिती नेमली होती. परिषद जाऊन तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग प्रत्यक्षात आला तो २५ सप्टेंबर २०२० रोजी. साडेचार वर्षे लागली, हे खरे.

माणदेशी_वाचक

सर्वांचे आभार. तिसऱ्या गटातल्या शिफारशी आता आवर्जून पाहीन. राज्यसूचीचा मुद्दा लक्षात घेता, आमच्या केंद्राच्या प्रश्नासाठी मी संसदेपेक्षा विधिमंडळाकडे वळावे, असेच ना?

निवृत्त_कक्षअधिकारी

होय. आपल्या विधिमंडळात त्यासाठी लोकलेखा समिती, अंदाज समिती आणि पंचायत राज समिती यांच्याकडे पाहावे. महालेखापरीक्षकांचा राज्यातल्या आरोग्य सुविधांवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये सभागृहात मांडला गेला. त्यात डॉक्टर, परिचारिका आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या रिक्त पदांची तपासणी आहे. महालेखापरीक्षकांच्या अशा अहवालांची छाननी लोकलेखा समिती करते. पंचायत राज समिती जिल्हा परिषदेला भेट देते, तेव्हा साहेबलोक महिनाभर आधीपासून नस्त्या लावत बसतात. भेटीची तारीख कळली, की आपल्या केंद्राचे लेखी निवेदन समितीतल्या आमदारांपर्यंत पोहोचवा. तोंडी गाऱ्हाणे इतिवृत्तात येत नाही.

गटप्रवर्तक_नंदुरबार

एक भर घालते. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता. गावकरी स्वतः आरोग्य सेवेचे प्रगतिपत्रक भरत: चांगल्याला हिरवा रंग, मध्यमाला पिवळा, वाइटाला लाल. ही पत्रके जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ठेवली, की "औषधसाठा पुरेसा आहे" हे ठोकळेबाज उत्तर तेथेच अडखळत असे. आपल्या निवेदनाला अशा नोंदी जोडा: कोणत्या तारखेला कोणते औषध नव्हते, कोणत्या रात्री प्रसूतीसाठी आलेल्या बाईला पुढे पाठवले. बाईचे नाव मात्र लिहू नका. केस नोंदवहीतला क्रमांक पुरतो.