जमीन पोखरत येणाऱ्या राक्षसाला मराठीत काय म्हणावं?

देवगडची
एका इंग्रजी भयकथेचा अनुवाद करतेय. वाचक बारा-पंधरा वर्षांची मुलं. कथेतला प्राणी जमिनीखालून येतो, पावलांच्या हादऱ्यावरून माणूस हुडकतो आणि खाली ओढून नेतो. 'भूमिगत राक्षस' लिहिलं, पण 'भूमिगत' म्हटलं की बेचाळीसच्या चळवळीतली माणसंच डोळ्यांसमोर येतात. 'बिळातला राक्षस' म्हणजे घूस. 'भूकृमी' वाचून भाचीने विचारलं, पोटातले जंत का? काय वापरू?

पाणंद
ताई, 'पोखऱ्या' करा. खणतो तो माणूस, हातात पहार घेऊन. उकरतं कुत्रं नाहीतर कोंबडी, तेही वरवर. पोखरणं आतून चालतं आणि बाहेरच्याला पत्ता लागत नाही. सोंड्या भुंगा माडात शिरला की झावळ्या हिरव्याच दिसतात. आमचे काका खोडाला कान लावून आतल्या अळ्यांची कुरतड ऐकायचे. कळेपर्यंत बहुतेकदा माड गेलेला असायचा. भीती हवी तर ती या क्रियापदात आहे. 'पोखर' म्हणजे तळं, पुष्करापासून आलेलं. पोखरणेही तिथूनच आलं असावं असं मला वाटतं.

राजापूरचे गुरुजी
तळ्याचा इथे काही संबंध दिसत नाही, 'पोकळ' अधिक जवळचा. आणि 'पोखऱ्या' हे गल्लीतल्या पोराचं टोपणनाव वाटतं. सुश्रुतसंहितेत बिळात राहणाऱ्या प्राण्यांना 'बिलेशय' म्हटलंय, चरकसंहितेत 'भूमिशय'. तयार शब्द असताना नवे कशाला पाडायचे?

पाणंद
गुरुजी, 'शय' म्हणजे निजणारा. ताईंचा प्राणी जागा आहे, चालून येतोय. शिवाय बारा वर्षांच्या मुलाला 'बिलेशय' समजावायला तळटीप द्यावी लागली की भीती संपली.

राजापूरचे गुरुजी
मुलांना अवघड शब्द द्यायचेच नाहीत का? आम्ही 'विवर' आणि 'रसातळ' गोष्टींतच शिकलो. तळटीप कोणी दिली नव्हती.

सडा
दोन्ही शब्द सोडा. आजी दिवेलागणीनंतर साप म्हणू द्यायची नाही. "रात्रीचा नाव घेव नको, जनावर म्हण." कोणी 'लांबडं' म्हणतात. 'भुईतलं जनावर' लिहून बघा. नाव टाळल्याने जी धास्ती बसते ती कुठल्याही नामाने बसणार नाही. आपल्याकडे गिऱ्हा पाण्यात, मुंजा पिंपळावर, देवचार राखणीला. जमिनीतून वर येणारं भूत मी तरी ऐकलेलं नाही. मग शब्द कोशात मिळेलच कसा?

वऱ्हाडी
आमच्याकडे जनावर म्हणजे गुरंढोरं. 'भुईतलं जनावर' वाचून मुलांना खड्ड्यात पडलेली म्हैस दिसेल. अनुवाद सगळ्या महाराष्ट्रासाठी आहे ना?

सडा
सगळ्या महाराष्ट्रासाठी म्हणून दर वेळी कोकणच्याच शब्दाने का माघार घ्यायची? संदर्भाने कळतं. आम्हीही वऱ्हाडी कथा तशाच वाचतो.

खाडीकाठ
'कृमी'चा घोळ मुळात इंग्रजीतून आलाय. जुन्या इंग्रजीत 'विर्म' म्हणजे सर्प, ड्रॅगनसुद्धा. त्याचं 'वर्म' झालं आणि अर्थ गांडुळापर्यंत आकसला. भयकथांमध्ये जुना अर्थ अजून जिवंत आहे. म्हणून अळी, किडा, कृमी तिन्ही बाद. 'नाग' किंवा 'अजगर' घ्या.

सुरंगी
नाग नको, आणि 'वारुळातला' असंही काही करू नका. सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते. आमच्याकडे भुईतून वर येतं ती देवी. तिला गिळणारा राक्षस करणं मला पटणार नाही.

आंबोलीवाला
'मांडूळ' कोणी सुचवायच्या आत सांगतो, तेही नको. दोन तोंडं, गुप्तधन, असल्या अंधश्रद्धांपायी त्याची आधीच तस्करी होते. प्राणी बिनविषारी, १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित. खरं रूप हवं तर देवगांडूळ बघा. नाव गांडुळाचं, पण बेडकाच्या गोतातला उभयचर. पाय नाहीत, डोळे जेमतेम, जबड्यात दात, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये चाचपायला इवलीशी स्पर्शिका. २००३ साली एक नवी जात आंबोलीतून नोंदली गेली, दुसरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ल्यातून.

सुरंगी
आमच्या परसात पावसात निघतं ते हेच की वाळा?

आंबोलीवाला
अंगावर वळी दिसतात का? वळी असतील आणि अंग बुळबुळीत असेल तर देवगांडूळ. कोरडे, चकचकीत खवले असतील तर वाळा, म्हणजे साप. दोन्ही निरुपद्रवी, मारू नका.

देवगडची
सगळ्यांचे आभार. पण 'पोखऱ्या' की 'जनावर'? आणखी एक अडचण. गोष्ट वाळवंटातली आहे, आणि संपादक म्हणतात कोकणात आणा.

पाणंद
मग जपून. 'ड्यून' या इंग्रजी कादंबरीतल्या वाळूतल्या महाकाय प्राण्यांना पाणी विषासारखं. आपल्या पावसात तसला प्राणी एक आषाढ काढणार नाही. शिवाय सड्यावरचा, म्हणजे कोकणातल्या उघड्या पठारावरचा, कातळ फोडून तो येणार कसा?

सडा
कातळ वरचाच. जांभा दगड उघडा पडला की कडक होतो, खाली मऊ असतो. विहीर खणताना जांभा संपला की शेडी लागते, पांढुरकी माती, पहार सरळ आत जाते. प्राणी शेडीतून फिरेल.

राजापूरचे गुरुजी
शेडी म्हणजे गणपतीची शाडूच ना?

सडा
नाही गुरुजी, आमच्या वाडीत दोन्ही शब्द आहेत आणि वेगळे आहेत.

खाडीकाठ
आमच्याकडे मात्र एकच. 'शेड' म्हणतात.